अँप्यूलवरचा आकडा आधी वाचा

नर्सिंगला आलात की ड्रग बुक नावाची एक वही प्रत्येकाच्या हातात येते. खाकी कव्हर, लाल पेनाने हेडिंग, आत ॲक्शन, इंडिकेशन, कॉन्ट्राइंडिकेशन, साइड इफेक्ट, नर्सेस रिस्पॉन्सिबिलिटी असे रकाने आखलेले, आणि निम्म्याहून जास्त मजकूर मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेला. आम्हा शिकवणाऱ्यांना कळत नाही असं समजू नका हं, स्पेलिंगच्या चुकासुद्धा त्याच असतात. आणि साइड इफेक्टच्या रकान्यात कुठलंही औषध असो, नॉशिया, व्हॉमिटिंग, हेडेक. अमायकॅसिन या अँटिबायोटिकने कान जातात, किडनीला त्रास होतो हे कुठेतरी आठव्या नंबरला, हेडेकच्या खाली.

ती वही सही घेण्यापुरती ठीक आहे, परीक्षेलाही कामाला येते. पण वॉर्डात लासिक्सचं (लघवी वाढवणारं औषध) अँप्यूल, म्हणजे काचेची छोटी बंद कुपी, हातात देऊन विचारलं की बाई गं यात किती एमजी आहे, तर ते किडनीत कुठे काम करतं त्या लूप ऑफ हेन्लेपासून सुरुवात होते आणि आकडा येतच नाही. अगं त्याच्यावर लिहिलंय, १० एमजी पर एमएल, अँप्यूल २ एमएलचं, म्हणजे २० एमजी. ऑर्डर ४० ची असेल तर दोन फोडायची. एवढंच विचारलं होतं. माझं म्हणणं फार साधं आहे. शंभर औषधांची ॲक्शन पाठ करण्यापेक्षा आपल्या वॉर्डातली पंधरा-वीस औषधं अशी माहीत पाहिजेत की एका एमएलमध्ये किती आहे, कुठून द्यायचं, किती वेळात द्यायचं, द्यायच्या आधी पेशंटचं काय बघायचं आणि जास्त झालं तर उतारा काय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. बाकीचं पुस्तक आहे, मोबाइल आहे, बघता येतं.

पहिला घोळ नावांचा होतो. कॉलेजात ॲलर्जीवरचं फेनिरामीन शिकवतात, वॉर्डात सगळे एव्हिल म्हणतात. ऑन्डान्सेट्रॉन म्हणजे एमसेट, मेटोक्लोप्रमाइड म्हणजे पेरिनॉर्म, सेफ्ट्रिॲक्सोन म्हणजे मोनोसेफ, डायक्लोफेनॅक म्हणजे व्होवेरान नाहीतर डायनापार, फेनिटॉइन म्हणजे एप्टॉइन. दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात की तिथे फार्मसीत दुसऱ्या कंपन्या, मग परत पहिल्यापासून. म्हणून सवय एकच लावून घ्यायची, ठळक छापलेलं ब्रँडचं नाव वाचून थांबायचं नाही, त्याच्या खाली बारीक अक्षरात खरं नाव असतं ते वाचायचं, चष्मा लागला असेल तर चष्मा लावून वाचायचं. नाहीतर काय होतं, केसपेपरवर डोलो ६५० लिहिलेली असते, ताप आला म्हणून कोणीतरी पॅरासिटामॉलची १ ग्रॅमची बाटली लावतं, घरून नातेवाईकांनी सर्दीची गोळी आणलेली असते त्यात पण पॅरासिटामॉल, आणि तिन्ही वेगवेगळी औषधं वाटतात. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, लिव्हर आधीच खराब असेल किंवा वजन कमी असेल तर त्याच्याही खाली. उतारा एन ॲसिटिल सिस्टीन. हे रात्रीच्या ड्युटीत मनातल्या मनात बेरीज करायचं काम डॉक्टर करणार नाही, तो एका वेळी तीन वॉर्ड बघतोय, बेरीज आपल्याकडेच येते.

लहान मुलांत तर पॅरासिटामॉलचा हिशेब अजून नाजूक. ड्रॉप्समध्ये एका एमएलला १०० एमजी, एका सिरपमध्ये ५ एमएलला १२५, दुसऱ्यात ५ एमएलला २५०. आईला तुम्ही सांगितलं पाच एमएल द्या आणि तिच्या घरी ड्रॉप्सची बाटली आहे, तर बाळाला ५०० एमजी गेलं. बाळाचं वजन सहा किलो असेल तर त्याला एका वेळी ६० ते ९० एमजी पुरतं. म्हणून डिस्चार्जला आईला एमएल सांगताना बाटली बघूनच सांगायचं, शक्यतो ड्रॉपरवर किंवा सिरिंजवर पेनाने खूण करून द्यायची. चमचा हे माप नाहीच, प्रत्येक घरात चमचा वेगळा.

आता गणित. गणिताला घाबरणारे निम्मे जण असतात आणि तरी फॉर्म्युला एकच आहे: जेवढं द्यायचंय भागिले जेवढं आहे, गुणिले जेवढ्या एमएलमध्ये आहे. अमायकॅसिन ३७५ एमजी द्यायचंय, व्हायलवर (रबरी बुचाच्या बाटलीवर) ५०० एमजी इन २ एमएल, म्हणजे दीड एमएल. सोपं. पण हीच अमायकॅसिन १०० एमजी, २५० एमजी आणि ५०० एमजी अशा तिन्ही व्हायलमध्ये मिळते आणि तिन्हीत औषध २ एमएलच असतं! काल दीड एमएल दिलं म्हणून आज पण दीड एमएल असं करून चालणार नाही, आज स्टोअरमधून २५० ची आली असेल तर काय? रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचं पण तसंच, ५ एमएलची व्हायल, एकीत एका एमएलला १००० युनिट, दुसरीत ५०००. बाटली सारखी, पाचपट फरक. आणि हेपॅरिन जास्त गेलं तर त्याचा उतारा प्रोटामिन शोधत फिरावं लागतं, ते आपल्या ट्रेमध्ये असतंच असं नाही. म्हणून ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, 'दीड एमएल चालू आहे' असं सांगत जाऊ नका, एमजी सांगा, युनिट सांगा. एमएल ज्याने त्याने आपल्या हातातली व्हायल बघून काढायचं.

पॉइंटचं पण सांगते, .५ असं लिहायचं नाही, आधी शून्य लिहायचं, ०.५, कारण घाईच्या अक्षरात तो टिंब दिसत नाही आणि पाच होतात. उलट ५.० पण लिहायचं नाही, त्याचे पन्नास होतात.

सलाईनचे थेंब मोजणं हल्ली सगळ्यांना जुनाट वाटतं कारण आयसीयूत पंप असतात. जनरल वॉर्डात पंप कुठून आणणार. ५०० एमएल चार तासात द्यायचं, साधा सेट २० थेंबांचा (२० थेंब म्हणजे १ एमएल) असेल तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ च्या आसपास. सेट वीसचाच असतो असं धरून चालू नका, पाकिटावर छापलेलं असतं, पंधराचे पण येतात. मायक्रो सेट ६० चा, त्यात मजा अशी की मिनिटाचे थेंब म्हणजेच तासाचे एमएल, गणितच नाही. फक्त सेट करून निघून जायचं नाही, पेशंटने हात वाकवला की थेंब बदलतात, आणि आपल्याकडे नातेवाईक पण 'हळू चाललीय वाटतं' म्हणून रोलर फिरवतात, हे तर रोजचं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते, ॲड्रेनलिन. इमर्जन्सी ट्रेमधलं सगळ्यात छोटं अँप्यूल आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्यावर. एक अँप्यूल १ एमएल, त्यात १ एमजी, म्हणजे वन इन थाउजंड. इंजेक्शन दिल्यावर पेशंटला अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, बीपी पडलं, हा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. यात पहिलं औषध ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला ०.५ एमजी म्हणजे अर्धा एमएल, आयएम (स्नायूत), मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, पातळ करायचं नाही, फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी परत. लहान मुलाला किलोला ०.०१ एमजी, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ०.१ एमएल, त्यासाठी एक एमएलची सिरिंज ट्रेमध्ये हवीच, पाच एमएलच्या सिरिंजमध्ये ०.१ कसं मोजणार. सोबत पाय वर, ऑक्सिजन, सलाईन, आणि पेशंटला उठवून बसवायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही.

आपल्याकडे काय होतं माहितीये, सगळ्यांचा हात आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट या स्टेरॉइडकडे जातो. गावोगावच्या दवाखान्यांत एव्हिल-डेक्सोना (हेही स्टेरॉइडच) ही जोडगोळी इतकी मुरलीय की ॲड्रेनलिन म्हणजे काहीतरी शेवटचं, हार्ट बंद पडल्यावर द्यायचं औषध वाटतं. उलटं आहे. एव्हिलने खाज कमी होईल, सुजलेला घसा उघडणार नाही, स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. तेवढा वेळ त्या पेशंटकडे नसतो.

आणि हार्ट बंद पडल्यावरचा डोस वेगळा, तिथे १ एमजी आयव्ही (शिरेतून), दर तीन ते पाच मिनिटांनी, मागून २० एमएल एनएसचा (नॉर्मल सलाईनचा) फ्लश आणि हात वर उचलायचा. हा अरेस्टचा डोस जिवंत, बोलणाऱ्या पेशंटला आयव्ही दिला तर बीपी आणि पल्स इतके चढतात की जीव जाऊ शकतो. म्हणून कोणी घाईत ओरडलं 'सिस्टर ॲड्रेनलिन द्या', तर मोठ्याने विचारायचं, किती, आयएम का आयव्ही? लाज वाटून घ्यायची नाही. अँप्यूलचा रंग पण बघत जा, ॲड्रेनलिन पाण्यासारखं असतं, गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर फेकून द्यायचं, एक्स्पायरी कितीही लांबची असू दे.

ट्रेमध्ये त्याच्या शेजारी ॲट्रोपिन, आपल्याकडे अँप्यूल ०.६ एमजीचं. विदर्भ मराठवाड्यातल्या कोणत्याही सिव्हिलमध्ये काम केलेल्या सिस्टरला विचारा, ॲट्रोपिन म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर हार्ट येत नाही, कीटकनाशक येतं. कोणी पिऊन आलेलं असतं, कोणी फवारणी करताना अंगावर घेऊन. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले ते सगळ्यांना आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर पेशंट येतो तोच तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इथे पुस्तकातला एका अँप्यूलचा डोस विसरा, तीन ते पाच अँप्यूल एकदम, मग दर पाच मिनिटांनी बघायचं आणि सुधारणा नसेल तर डबल. शंभर-शंभर अँप्यूल लागलेले पेशंट असतात, स्टोअरवाला वैतागतो, वैतागू दे. थांबायचं कधी, तर छाती मोकळी झाली, काख कोरडी झाली, पल्स ऐंशीच्या वर आणि बीपी जाग्यावर आलं की. नुसत्या बाहुल्यांकडे बघून ठरवू नका, त्या उशिरा मोठ्या होतात. दर वेळी काखेत हात घालून बघायचं आणि चार्टवर लिहायचं, हे काम पूर्णपणे नर्सचं. उलट पेशंट बरळायला लागला, ताप चढला, पोट फुगलं, लघवी अडकली तर ॲट्रोपिन जास्त झालंय, लगेच कळवायचं. आणि हो, त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवायचं राहून जातं, ते मावशी-मामांवर ढकलू नका, त्यांच्या हातात ग्लोव्हज आहेत का ते तरी बघा.

पोटॅशियम क्लोराइड. याबद्दल मी वर्गात एकच वाक्य बोलते आणि फळ्यावर लिहून ठेवते: केसीएल पुश करायचं नाही, कधीच नाही, कोणीही सांगितलं तरी नाही. १० एमएलच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि ते सरळ शिरेत गेलं तर हार्ट जागच्या जागी बंद पडतं. ते बाटलीत घालूनच द्यायचं, साध्या शिरेतून साधारण तासाला १० च्या वर नाही, त्याहून जोरात हवं असेल तर मॉनिटर लावून, डॉक्टर समोर असताना. घालायच्या आधी पेशंटला लघवी होतेय का बघायचं, कारण किडनी बंद असेल तर ते बाहेर जाणार कुठून. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, लटकलेल्या बाटलीत खालून केसीएल टोचायचं आणि तसंच चालू ठेवायचं, हे धोक्याचं आहे. सरबतात साखर खाली बसते तसं ते तळाला, म्हणजे नेमकं सेटच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं पेशंटमध्ये जातं. बाटली काढा, औषध घाला, चार-पाच वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मगच टांगा. आणि केसीएलची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या डब्यात पडलेली मला दिसली तर मी त्या दिवशी कुणाशी नीट बोलत नाही. डब्ल्यूएचओ तर कधीपासून सांगतंय की हे वॉर्डात उघड्यावर ठेवूच नका म्हणून.

इन्सुलिन रोजचं म्हणून सगळ्यांना सोपं वाटतं, आणि माझ्या मते वॉर्डातली सर्वात फसवी गोष्ट तीच. आपल्याकडे व्हायल बहुतेक एका एमएलला ४० युनिटची आणि पेनचं कार्ट्रिज १०० युनिटचं. सिरिंज पण दोन, लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. आता समजा रात्री व्हायल संपली, पेशंटच्या पेनमधलं कार्ट्रिज आहे, कोणीतरी हुशारी करून त्यातूनच लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं. ती खूण म्हणजे अर्धा एमएल, आणि कार्ट्रिजच्या अर्ध्या एमएलमध्ये ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास, आणि पेशंट झोपलेला, घाम फुटला तरी कुणाला कळणार नाही. म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने काढायचं नाही, व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना ते बघायचं. लिहिताना 'यू' लिहू नका, १० च्या पुढे यू म्हणजे घाईत १०० दिसतं, युनिट असं पूर्ण लिहा. जेवणाचं ताट समोर आलंय का ते बघून मगच जेवणाआधीचं इन्सुलिन, आपल्याकडे ताट यायला उशीर होतो आणि इन्सुलिन वेळेवर दिलेलं असतं, मग शुगर पडते. पडली आणि पेशंट शुद्धीवर आहे तर तोंडाने साखरपाणी, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० एमएल शिरेतून, चांगल्या शिरेतून, आणि पंधरा मिनिटांनी परत शुगर.

लेबर रूममध्ये पोस्टिंग असेल तर मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) आणि गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणारी ऑक्सिटोसिन, मेथर्जिन ही तीन आधी. मॅगसल्फचं अँप्यूल २ एमएल, ५० टक्के, म्हणजे १ ग्रॅम. एक्लॅम्पसियाचा (गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांचा) लोडिंग म्हणजे सुरुवातीचा डोस १४ ग्रॅम, त्यातले ४ ग्रॅम पातळ करून हळू आयव्ही (चार अँप्यूल म्हणजे ८ एमएल, त्यात १२ एमएल पाणी घालून २० एमएल) आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल आयएम. पीएचसीला, सबसेंटरला असाल तर ते दोन आयएम देऊन लगेच रेफर, वाट बघत बसायचं नाही. नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून, पण प्रत्येक डोसच्या आधी गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेलाय का, तासाला ३० एमएल तरी लघवी झालीय का. तिन्हीतलं एक जरी बिघडलं तर पुढचा डोस थांबवायचा आणि कळवायचं. रिफ्लेक्स आधी जातो, श्वास नंतर, म्हणून तो हॅमर खिशात पाहिजे, कपाटात नको. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० एमएल, दहा मिनिटांत हळूहळू. ते अँप्यूल मॅगसल्फच्याच ट्रेमध्ये चिकटवून ठेवा.

ऑक्सिटोसिन बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरं बाळ नाही ना हे बघून, १० युनिट आयएम. अँप्यूल ५ युनिटचं असतं, दोन फोडायची, आणि ते फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं. उन्हाळ्यात दिवसभर ट्रॉलीवर पडलेल्या ऑक्सिटोसिनवर माझा तरी विश्वास नाही. मेथर्जिन बीपी वाढलेल्या बाईला नाही, हार्टच्या पेशंटला नाही. आणि बाळासाठीचं व्हिटॅमिन के १ एमजी त्याच टेबलावर, त्याच आकाराच्या अँप्यूलमध्ये असतं, जगात बऱ्याच ठिकाणी व्हिटॅमिन के समजून बाळाला मेथर्जिन टोचल्याच्या केसेस झाल्यात. बाळाचा ट्रे वेगळा, आईचा वेगळा, एवढं केलं तरी पुष्कळ.

पावसाळा आहे म्हणून साप-विंचवाचं पण. सर्पदंशाचं एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) पावडर असते, प्रत्येक व्हायलला १० एमएल पाणी, हलक्या हाताने फिरवायचं, जोरात हलवलं की फेस येतो. सुरुवातीला साधारण १० व्हायल, सलाईनमधून तासाभरात, आणि लहान मुलालाही तेवढंच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. टेस्ट डोस नाही, पण ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून शेजारी हवं, आणि पहिला अर्धा तास पेशंटला सोडून जायचं नाही. रक्त गोठतंय का बघायला काचेची स्वच्छ कोरडी ट्यूब, २ एमएल ताजं रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग वाकडी करून बघायची. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही. या पेशंटला रक्त गोठत नसताना कुल्ल्यात दुखण्याचं इंजेक्शन टोचायचं नाही, आत रक्त साचतं. विंचवांत कोकणातला लाल विंचू वाईट, त्यावर प्राझोसिन ही साधी बीपीची गोळी वापरून महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कितीतरी जीव वाचवले, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आपलं काम काय, तर गोळी दिल्यावर पेशंटला झोपवून ठेवायचं, लघवीला म्हणून पटकन उठवलं तर बीपी पडून खाली आपटतो.

अजून काही फुटकळ पण महत्त्वाचं. झटक्यांवरचं फेनिटॉइन फक्त एनएसमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की गढूळ होऊन खडे पडतात, आणि मिनिटाला ५० एमजीच्या वर नाही. सेफ्ट्रिॲक्सोन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) किंवा कॅल्शियम एका लाइनमध्ये नाही. लासिक्स मोठ्या डोसमध्ये भसकन दिलं की कानाला त्रास. डिगॉक्सिन या हार्टच्या गोळीच्या आधी छातीवर स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट पल्स, साठच्या खाली असेल तर गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरला फोन. डोसच्या बाबतीत तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो चालेल, मी लिहिलंय म्हणून कुणाला काही टोचू नका.

पेशंट ओळखायचं. वॉर्डात एका वेळी दोन पाटील, तीन शिंदे आणि चार जाधव असतात. 'तुम्ही शिंदे आजी ना?' असं विचारलं की कमी ऐकू येणारी कुठलीही आजी हो म्हणते, मान डोलावते. 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारायचं, आणि केसपेपर नंबर बघायचा. बेड नंबरवर जाऊ नका, पंख्याखाली जागा हवी म्हणून पेशंट आपापसात बेड बदलतात. एका हॉस्पिटलात मी बघितलंय, सकाळच्या राउंडची सगळी इंजेक्शनं एकदम भरून किडनी ट्रेमध्ये ओळीने मांडलेली, लेबल नाही, कुठली कुणाची ते भरणाऱ्या सिस्टरच्या डोक्यात, आणि ती चहाला गेलेली. पांढरं पाणी सगळं सारखंच दिसतं हो. स्वतः भरलेलं नाही ते द्यायचं नाही, आणि दिल्याशिवाय सही करायची नाही, आधी सह्या करून ठेवायची पद्धत दिसली तर निदान आपण तरी करू नका.

डॉक्टरला विचारायचं कसं हा खरा प्रश्न आहे, स्टुडंटला कोण विचारतंय. 'सर हे चुकलंय' म्हटलं की सरांचा पारा चढतो. 'सर, एकदा डोस सांगता का, मला चार्टवर लिहायचाय', असं म्हणून ऑर्डर परत मोठ्याने वाचून दाखवायची, ऐंशी टक्के वेळा सर स्वतःच सुधारतात. नाहीच सुधारलं तर इन्चार्ज सिस्टरकडे जायचं, त्यासाठीच त्या आहेत. फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि नंतर सही घ्यायची. पेशंट एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जातो तेव्हा जास्त गडबड होते, कुठलं औषध कधीचं राहिलंय ते कुणालाच माहीत नसतं, डब्ल्यूएचओने २०१७ ला औषधांच्या सुरक्षिततेची मोहीम काढली त्यात पण ट्रान्सफरच्या वेळची गडबड हा एक मुख्य मुद्दा आहे. तेव्हा ओव्हर घेताना चार्ट हातात घेऊनच घ्या, नुसतं 'सगळं झालंय गं' यावर सही करू नका.

घरी जाताना पेशंटला काय सांगायचं हे पण औषधाचंच ज्ञान आहे. गरोदर बाईला लाल आयर्नची गोळी देतो, शौचाला काळी होते हे आधी सांगितलं नाही तर ती दुसऱ्याच दिवशी बंद करते. चहासोबत घेऊ नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत चालेल, जेवणानंतर दोन तासांनी नाहीतर रात्री झोपताना. 'गोळ्या गरम पडतात' असं म्हणाली तर हसू नका, विचारा की नेमकं काय होतं, बहुतेक वेळा पोटात जळजळ असते आणि वेळ बदलली की जाते. इन्सुलिनवाल्याकडे फ्रीज नसेल तर ओल्या मडक्यात, पिशवीत गुंडाळून, उन्हापासून लांब. टीबीच्या पेशंटला रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होणार हे पहिल्याच दिवशी सांगायचं, आणि इथॅम्ब्युटॉल चालू असताना अंधुक दिसायला लागलं, लाल-हिरवा रंग कळेना झाला तर वाट न बघता परत ये म्हणायचं. टीबीवर वेगळी पोस्ट लिहीन, लिव्हरचं बरंच सांगायचंय, ते इथे मावणार नाही.